डोंगर, पाणथळ आणि धनेशाचें रान

कोल्हापूरच्या वायव्येस वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें ३१०० फूट उंचीच्या या डोंगरावर जोतिबाचें देऊळ असून चैत्र पौर्णिमेस तेथें लाखों भाविक लोटतात. उंच उंच सासनकाठ्या, दवण्याचा वास, ‘चांगभलं’चा गजर आणि शिखरापासून पायरीपर्यंत सर्वांस रंगवून टाकणारा गुलाल, असें जोतिबाचें चित्र महाराष्ट्राच्या मनांत ठसलेलें आहे आणि तें खरेंहि आहे. परंतु या डोंगराचें आणखी एक रूप आहे. तें पाहावयाचें असेल तर यात्रेचा काळ टाळावा, देवाचा वार म्हणून रविवारहि टाळावा आणि मार्गशीर्षांतल्या एखाद्या आडवारीं तांबडें फुटण्यापूर्वीं डोंगराच्या कडेला जाऊन बसावें. उत्तरेस वारणेचें खोरें धुक्यांत बुडालेलें असतें. दक्षिणेस उसाच्या हिरव्या पट्ट्यांतून पंचगंगेचें पात्र वळणें घेत गेलेलें दिसतें आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेस सह्याद्रीची निळी रेघ उमटते. पांखरांचा छंद असणाऱ्या माणसास या एकाच जागेवरून आपला चार दिवसांचा सारा प्रवास दृष्टीस पडतो. पायाखालीं माळ, खालीं नदीकांठची पाणथळ आणि क्षितिजावर जुनें रान. तिन्ही ठिकाणचीं पांखरें निराळीं. परंतु त्या रानांतून निघालेलें पाणीच या पाणथळींत येऊन पोंचतें, ही गोष्ट या सहलींत मनाशीं धरून ठेवण्यासारखी आहे.

जुनें अरण्य आणि नदीची दलदल यांची जोड घालून पांखरें पाहण्याच्या सहली युरोपांत पुष्कळ निघतात. पोलंडच्या पूर्व सीमेवर बियालोवियेझा नांवाचें अतिप्राचीन अरण्य आहे व त्याच्या उत्तरेस बियेब्झा नदीच्या विस्तीर्ण दलदली आहेत. वसंत ऋतूंत देशोदेशींचे पक्षिप्रेमी तेथें उतरतात, स्थानिक वाटाड्या बरोबर घेतात आणि कांहीं दिवस पाण्यावर व कांहीं दिवस झाडींत घालवून परततात. बियालोवियेझा हें एके काळीं राजेलोकांचें शिकारीचें रान होतें. तेथील रानगवा पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत रानांतून पार नाहींसा झाला आणि प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या जनावरांपासून वाढविलेला कळप १९५२ सालीं पुन्हा रानांत सोडावा लागला. राधानगरीजवळचें दाजीपूरचें रान हेंहि कोल्हापूरच्या राजांचें शिकारीचें रान. तेथेंहि मुख्य जनावर गवा आणि त्याच्यासाठींच १९५८ सालीं तें अभयारण्य झालें. येथील गवा सुदैवानें कधींच नाहींसा झाला नाहीं, एवढा फरक आहे व तो लहान नव्हे. या दोन मुलुखांचें आणखी एक नातें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ पासून १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळ वळिवडे येथें पोलंडचे सुमारें पांच हजार निर्वासित राहत होते. त्यांतील बरेचसे पूर्व पोलंडांतून आलेले होते. पंचगंगेच्या कांठचे बगळे पाहून त्यांच्यापैकीं कोणास आपल्याकडच्या दलदली आठवल्या असतील, तर त्यांत नवल नाहीं.

आतां वाटाड्याची गोष्ट. मुंबईस निसर्गाचा अभ्यास करणारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ सालीं निघाली व सलीम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १९४१ सालीं प्रसिद्ध झालें. त्यामुळें पुस्तक खिशांत आणि दुर्बीण गळ्यांत घालून एकट्यानें हिंडणें शक्य झालें, हें खरें. पुस्तक पांखराचा रंग सांगतें, लांबी सांगतें, तें कोणत्या ऋतूंत कोठें असतें हेंहि सांगतें. परंतु या आठवड्यांत कोणता उंबर पिकला आहे, परवांच्या पावसानें कोणत्या डबक्याचें पाणी वाढलें, पहांटे कोणत्या बांधावरून चालावें म्हणजे सूर्य पाठीशीं राहील, हें पुस्तक सांगत नाहीं. तें गांवचा माणूस सांगतो. गुरांमागें हिंडून, मध गोळा करून किंवा केवळ त्या रानाच्या कडेला जन्म काढून त्यास तें कळलेलें असतें. शास्त्रीय नांवें त्यास मागाहून शिकवितां येतात. हें पहिलें ज्ञान मात्र शहरांतून आणून त्यास देतां येत नाहीं. दाखवितां येत असूनहि जो एखादें घरटें दाखवीत नाहीं, लोकांनीं कितीहि गळ घातली तरी नाहीं, तो वाटाड्या उत्तम समजावा.

पहिला दिवस डोंगरावरच जातो. जोतिबा व त्याच्या शेजारचा पन्हाळा यांच्या माथ्यावर जांभ्या खडकाचे सडे आहेत व उतारांवर गवत आहे. येथें झाडीची दाटी नाहीं, म्हणून नवशिक्यानें आरंभ येथूनच करावा. चंडोल गवतांतून उठतो, गात गात उभा वर चढतो आणि दगडासारखा खालीं येतो. हिंवाळ्यांत खरुची नांवाचा लहान ससाणा येतो. तो वाऱ्याकडे तोंड करून हवेंत एका जागीं पंख फडफडवीत लटकल्यासारखा राहतो. गप्पीदास झुडपाच्या शेंड्यावर बसून शेपटी हलवितो व टिटवीला तर कोणी ओळखावयासच नको. फाल्गुनांत पळस, पांगारा आणि कांटेसावर फुलली कीं मैना, बुलबुल, कोतवाल हीं सारीं मधासाठीं एका झाडावर गोळा होतात व तासभर तेथून हलावेसें वाटत नाहीं.

याच सुमारास या उतारांवर वणवे लागतात. वाळलेलें गवत जाळलें म्हणजे पुढच्या सालीं चांगलें गवत येतें अशी जुनी समजूत आहे. कांहीं आगी निष्काळजीपणानें लागतात. चंडोल व टिटवी जमिनीवरच अंडीं घालतात आणि त्यांची वीण नेमकी याच दिवसांत चालू असते. आग तासाभरांत उतार ओलांडून जाते व मागें काळी राख राहते. चैत्रांत डोंगर चढणाऱ्यानें ती राख पाहिली तर तींत काय काय गेलें असेल याचा अदमास करावा.

दुसऱ्या दिवशीं खालीं उतरावयाचें. चिखली गांवाजवळ प्रयाग या ठिकाणीं कासारी नदी भोगावतीस मिळते. भोगावतीनें त्यापूर्वींच कुंभी आणि तुळशी यांना पोटांत घेतलेलें असतें. पांचवी सरस्वती गुप्त मानलेली आहे. या पांचांची मिळून पंचगंगा होते व ती सुमारें ८० किलोमीटर वाहून नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. पावसाळ्यांत ही नदी पात्र सोडून शेतांत शिरते. पूर ओसरला कीं सखल जागीं, जुन्या ओढ्यांच्या वळणांत, विटांसाठीं माती काढलेल्या खड्ड्यांत पाणी मागें राहतें. लव्हाळे व पाणकणीस माजतें. हीच येथील पाणथळ. पोलंडांतल्यासारखी कोसच्या कोस पसरलेली ती नाहीं; तुकड्यातुकड्यांची आहे आणि कोणता तुकडा यंदा ओला आहे हें वाटाड्यासच ठाऊक असतें.

पाणथळींत चालण्यापेक्षां बसण्याचें महत्त्व अधिक. सूर्य पाठीशीं घेऊन बांधाआड बसलें आणि अर्धा तास कोणी बोललें नाहीं, म्हणजे पाणी हळूहळू जागें होतें. आधीं टिबुकली बुडी मारून भलत्याच ठिकाणीं वर येते. वंचक मान आंखडून चिखलासारखाच होऊन बसलेला असतो. तो उडाला म्हणजेच त्याचे पांढरे पंख दिसतात. शेकाट्या आपल्या लांब तांबड्या पायांनीं उथळ पाणी मोजीत जातो. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यांतून बाहेर येऊन एका पायांत कोंब धरते व खाते. मुग्धबलाकाची चोंच मिटली तरी मध्यें फट राहते. ही जन्मजात खोड नव्हे. पिलाची चोंच सरळ असते व वाढत्या वयाबरोबर तिला बांक येतो. गोगलगाईंवर त्याचा उदरनिर्वाह चालतो आणि शिंपल्यांतून मांस काढण्यास अशी चोंच सोयीची पडते. वरून कवड्या खंड्या एका जागीं पंख मारीत थांबतो आणि उभा पाण्यांत कोसळतो.

या सर्वांत कमळपक्ष्याचा संसार नवलाचा. त्याचीं बोटें इतकीं लांब असतात कीं कमळाच्या पानावरून तो जमिनीवरून चालावें तसा चालतो. मादी नराहून मोठी असते. ती एका नराच्या घरट्यांत अंडीं घालते आणि तीं त्याच्यावर सोंपवून दुसऱ्या नराकडे जाते. अंडीं उबविणें, पिलांना सांभाळणें, संकट आलें तर त्यांना पंखाखालीं धरून नेणें, हें सारें काम बापाचें. नदीकांठच्या गांवांतील बायकांना वाटाड्यानें ही हकीकत सांगितली म्हणजे हंशा पिकल्याशिवाय राहत नाहीं.

हिंवाळीं बदकें पाहावयाचीं तर कोल्हापूरच्या दक्षिणेचा कळंबा तलाव बरा. थापट्या आणि तलवार बदक हे उत्तरेकडून हिमालय ओलांडून आलेले पाहुणे असतात. कृष्णेच्या कांठीं कधीं चक्रवाकहि दिसतो. संस्कृत कवींनीं त्याला रात्रीच्या विरहाचें दुःख देऊन ठेवलें आहे. प्रत्यक्षांत ती जोडी रात्रींहि एकत्रच चरत असते. मध्य आशियाच्या पठारांवर आणि लडाखांत वीण उरकून हे पक्षी येथवर येतात व फाल्गुनाच्या सुमारास परत फिरतात.

परंतु या नदीची आजची स्थिति झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. शहरांचें सांडपाणी, साखर कारखान्यांचें व कापड रंगविण्याच्या उद्योगांचें मैलें पाणी पंचगंगेंत येतें आणि उन्हाळ्यांत प्रवाह मंदावला कीं मेलेल्या माशांचे थर कांठाला लागल्याच्या बातम्या वारंवार येतात. मैल्या पाण्यावर जलपर्णी फोफावते. शिरोळच्या बाजूस तर कधीं कधीं नदी आहे कीं हिरवें कुरण आहे, असा भ्रम पडतो. त्या गालिच्यावरून कमळपक्षी आनंदानें हिंडतो, म्हणून नवख्यास वाटावें कीं पांखरांना हें मानवलें आहे. वाटाड्यानें येथें थांबून उलट बाजू दाखवावी. बुडी मारणाऱ्या बदकांना त्या गालिच्यांत पाणीच सांपडत नाहीं. खालच्या मासळीला हवा मिळत नाहीं आणि मासळी गेली कीं खंड्या व नदीसुरय यांनीं काय करावें? पांखरांची संख्या मोजतांना कोणतीं पांखरें वाढलीं व कोणतीं घटलीं हें पाहिलें नाहीं, तर मोजणी फसवी ठरते.

आणि प्रश्न पांखरांपुरता नाहीं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांस पोंचलें कीं इशारा आणि ४३ फुटांस पोंचलें कीं धोका, हे आंकडे पावसाळ्यांत घरोघरीं तोंडपाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्यें व पुन्हा जुलै २०२१ मध्यें नदी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेली. ज्या चिखलीजवळ पांखरें पाहावयास जावयाचें, तें गांव व शेजारचें आंबेवाडी दोन्ही पाण्याखालीं गेलीं. माणसें होड्यांतून काढावीं लागलीं. पुराची निळी रेषा व लाल रेषा नकाशावर आंखलेल्या आहेत. तरी नदीकांठच्या सखल जमिनीवर भराव पडतात आणि बांधकामें उठतात. पाणथळ म्हणजे पुराला हातपाय पसरावयास ठेवलेली ओसरी होय. ती बुजवली कीं पाणी घराच्या आंत येतें. पाणकोंबडीचें लव्हाळें आणि चिखलीकराचें घर यांचें भवितव्य असें एकमेकांत गुंतलेलें आहे. नृसिंहवाडीस कृष्णेचें पाणी उत्तरेकडून देवळांत शिरून पादुकांवरून दक्षिण दारानें बाहेर पडतें, त्यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात व लोक त्या पाण्यांत स्नान करून धन्य होतात. पुराला वाट मोकळी ठेवण्याची रीत या मुलुखाला अपरिचित नाहीं.

तिसऱ्या दिवशीं भोगावतीच्या कांठानें उगमाकडे निघावें. कोल्हापूरपासून सुमारें ५० किलोमीटरवर राधानगरीचें धरण आहे. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०७ सालीं या कामास हात घातला. त्यापुढें घाट चढून दाजीपूर. राधानगरी अभयारण्याचें क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर असून २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ज्या जागांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत त्याची गणना झाली. पक्ष्यांच्या दोनशेंहून अधिक जाती येथें नोंदल्या गेल्या आहेत. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांची सदाहरित दाटी आणि खालीं कारवीचें रान. पावसाळ्यांत येथें पाऊस कोसळतो. तें पाणी पालापाचोळ्यांत मुरतें आणि पुढें महिनोन्महिने झिरपत राहतें. प्रयागजवळ माघांत जें पाणी दिसतें, त्यांतला बराच वांटा या सावलीचा आहे.

पाणथळींत पांखरूं आधीं दिसतें व मग ऐकूं येतें. रानांत याच्या उलट. येथें दुर्बिणीहून कान मोठा. नवखा मनुष्य पहिल्या सकाळीं निराश होतो. पानांवांचून त्यास कांहींच दिसत नाहीं. वाटाड्या मात्र उभ्या जागीं आठ-दहा नांवें सांगतो. तो ‘कुटुर कुटुर’ असा न थांबणारा घोष कुटुरग्याचा. ओढ्याच्या बाजूनें माणसानें सहज चालतां चालतां शीळ घालावी तशी लांब, थोडी बेसूर, पण विलक्षण गोड शीळ येते, ती शीळकरी कस्तुराची. पावसाच्या दिवसांत तर ती सर्वांत आधीं, अंधारांतच, सुरू होते. जमिनीजवळून येणारा दबका हुंकार पाचू कवड्याचा. आणि एकाच झाडावरून चार पांखरांचे आवाज एकामागून एक आले, तर भृंगराजाचा संशय घ्यावा. शेपटीच्या दोन लांब तारांना चवऱ्या लावून हिंडणारा हा काळा पक्षी नकला करण्यांत पटाईत आहे.

भृंगराजाची ओळख असणें दुसऱ्या एका कारणानें उपयोगाचें. या रानांत कधीं अर्धा तास सामसूम असते आणि मग एकाएकीं सारें झाड हलूं लागतें. निरनिराळ्या जातींची मिश्र टोळी किडे टिपीत पुढें सरकत असते. भृंगराज तिच्याबरोबर राहतो, ससाणा दिसला कीं ओरडून सर्वांस सावध करतो आणि इतरांनीं उठविलेले किडे मधल्यामध्यें लांबवितो. त्याचा आवाज धरून वाटाड्या टोळीच्या वाटेवर पुढें जाऊन उभा राहतो. मग पांच मिनिटांत नीलपरी, स्वर्गीय नर्तक आणि नशीब असेल तर झाडाच्या आंतल्या फांदीवर पाठ करून बसलेला कर्णा, इतके सारे दिसून जातात. टोळीमागें धांवणाऱ्यास यांतलें कांहींच लाभत नाहीं.

चौथा दिवस धनेशासाठीं राखावा. मलबारी राखी धनेश हा पश्चिम घाटाबाहेर जगांत कोठेंहि नाहीं. त्याचा संसार जुन्या झाडाच्या ढोलीवर अवलंबून असतो. विणीच्या दिवसांत मादी ढोलींत शिरते आणि दार लिंपून घेते. चोंच जाईल एवढीच फट राहते. आंत ती पिसें गाळते, अंडीं घालते आणि नर वड, उंबर, पिंपरी यांचीं फळें आणून त्या फटींतून तिला भरवितो. हें आठवडेच्या आठवडे चालतें. या काळांत नर मेला, तर आंतल्या जिवांची धडगत नसते. धनेश स्वतः ढोली कोरूं शकत नाहीं. फांदी मोडून, लांकूड कुजून, सुतारानें पोखरून आपोआप झालेली ढोलीच त्यास लागते आणि अशी ढोली पडावयास झाड म्हातारें व्हावें लागतें. नवीं हजार रोपें लावलीं तरी तीं धनेशाच्या आजच्या पिढीच्या उपयोगाचीं नाहींत.

म्हणूनच देवरायांचें मोल मोठें. शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांत गांवोगांवच्या देवांच्या नांवें राखलेल्या राया अजून आहेत. तेथें कुऱ्हाड चालत नाहीं. पडलेलें लांकूडहि उचलावयाचें नाहीं, असा जुना दंडक. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत या देवरायांचा अभ्यास करून त्यांचें महत्त्व शास्त्रज्ञांच्या नजरेस आणलें. कोंकणांतील देवरायांत धनेशाचीं घरटीं अभ्यासकांनीं नोंदलीं आहेत. बियालोवियेझाच्या राखीव भागांतहि पडलेलें झाड तसेंच पडूं देतात व त्या कुजक्या लांकडावर सुतार पक्षी जगतात. तिकडे जें काम कायद्यानें साधलें, तें इकडे देवाच्या धाकानें साधलें. अलीकडे मात्र देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा, त्यास पैसा पाहिजे, म्हणून रायींतलींच झाडें विकल्याचीं उदाहरणें घडलीं आहेत. दगडी चौथऱ्यावर सिमेंटचा मंडप उभा राहतो आणि देव ज्या सावलींत बसला होता ती सावली जाते.

येथें वाटाड्याच्या पोटाचा प्रश्न येतो. नाशिक जिल्ह्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. तेथील पाणथळीस जानेवारी २०२० मध्यें महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. तेथें आसपासच्या गांवांतील तरुण पाहुण्यांस पांखरें दाखवून चार पैसे मिळवितात. ज्याच्या घरांत पांखरांमुळें पैसा येतो, तो पांखरांचा पाठीराखा होतो. यांत भाबडेपणा कांहीं नाहीं. हा सरळ व्यवहार आहे. मात्र त्याची दुसरी बाजूहि आहे. पाहुण्यास छायाचित्र हवें असतें व वाटाड्यास बक्षिसी. मग खिशांतल्या यंत्रावर पांखराचा आवाज वाजवून त्यास जवळ बोलाविलें जातें. आपल्या हद्दींत परका नर आला असें समजून बिचारा पक्षी घरटें सोडून भांडावयास येतो आणि वेळ व शक्ति फुकट घालवितो. विणीच्या दिवसांत हा प्रकार कोणीं करूं नये आणि पाहुण्यानें तो मागूंहि नये. धनेशाच्या ढोलीसमोर माणसें उभीं राहिलीं तर नर फळें घेऊन दूरच्या फांदीवर बसून राहतो. आंत मादी उपाशी असते. अशा वेळीं वाटाड्या पाहुण्यांना उठवून परत नेतो.

सहलीस कार्तिक ते फाल्गुन हे महिने सर्वांत बरे. कपडे मातीच्या किंवा पानांच्या रंगाचे असावे, पांढरा व तांबडा टाळावा. अत्तर लावूं नये. एका वाटाड्यामागें सहा-सात माणसांहून अधिक असूं नयेत. रात्रीं मुक्कामावर दिवसभराची यादी करावी. पाहिलेलीं व केवळ ऐकलेलीं पांखरें वेगळीं लिहावीं आणि वाटाड्याचें नांवहि तींत असावें. धनेश पाहण्यासाठीं कोणी वैशाखापर्यंत थांबला, तर फळांनीं गळा फुगवून येणारा नर त्यास दूरवरून पाहतां येईल. पावसाच्या तोंडावर मादी लिंपण फोडते, पिलें ढोलीबाहेर येतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अभयारण्याचें दार पर्यटकांस पावसाळाभर बंद होतें.